शहराच्या हद्दीबाहेर घर घेतलंत? कॅलिफोर्नियात गावाचं सल्लागार मंडळ आणि काउंटी यांच्यासोबत काम कसं करायचं

फ्रीमाँट, सॅन होजेच्या दाटीतून बाहेर पडावं, एखाद-दोन एकर जागा घ्यावी, मागे लिंबू-डाळिंब लावावं, या इच्छेने काही मराठी कुटुंबं कॅलिफोर्नियाच्या ग्रामीण भागात राहायला येतात. घर मांडून होतं, रात्री तारे दिसतात. मग पहिल्या पावसात रस्ता खचतो, किंवा शेजारच्या रिकाम्या शेतात काहीतरी मोठं उभं राहणार असल्याची नोटीस टपालात येते, आणि कळतं की दाद मागायला इथे महापौर नाही आणि नगरपालिकाही नाही. तुमचं स्थानिक सरकार म्हणजे थेट काउंटी (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग), आणि तिचं मुख्यालय तासाभराच्या अंतरावर असू शकतं.

तुम्ही आणि काउंटी यांच्यामधला दुवा म्हणजे गावाचं सल्लागार मंडळ. अनेकजण पहिल्या मीटिंगला जातात, मंडळाला निर्णयाचा अधिकार नाही हे ऐकतात आणि पुन्हा फिरकत नाहीत. मला हे फार चुकीचं वाटतं. अधिकार नाही हे खरंच आहे, पण योग्य वेळी, लेखी आणि नेमकं मांडलेलं म्हणणं काउंटीला बाजूला सारता येत नाही, आणि ते तसं मांडायची जागा हीच आहे.

आधी आपली हद्द नीट समजून घ्या

टपालाच्या पत्त्यावर जाऊ नका. पत्त्यात लिव्हरमोर किंवा गिलरॉय लिहिलेलं असतं, पण घर त्या शहराच्या हद्दीत असेलच असं नाही. मालमत्ता कराच्या बिलावर पार्सल नंबर असतो. तो काउंटीच्या असेसरच्या (मालमत्तेचं मूल्य ठरवणाऱ्या अधिकाऱ्याच्या) नकाशात टाकला की जमीन कुठल्या शहरात येते की 'अनइन्कॉर्पोरेटेड', म्हणजे कुठल्याच शहराच्या हद्दीत नसलेली, आहे, हे लगेच दिसतं. सॅन होआकिन काउंटीतलं माउंटन हाउस आपल्या लोकांना चांगलं माहीत आहे. तिथे भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे, तरी ते शहर झालं 1 जुलै 2024 ला. तोवर तिथल्या हजारो घरांनाही महापौर नव्हता.

हद्द कळली की कोणतं काम कुणाचं ते एका कागदावर लिहून फ्रिजवर लावा. गुन्ह्यांसाठी शेरीफ, म्हणजे काउंटीचा पोलीसप्रमुख. पण काउंटीच्या रस्त्यावर भरधाव गाड्या जात असतील तर ते काम शेरीफचं नसून कॅलिफोर्निया हायवे पॅट्रोलचं आहे, आणि नवीन माणूस इथेच हमखास चुकतो. क्रमांक असलेला राज्य महामार्ग कॅलट्रान्सकडे, म्हणजे राज्याच्या वाहतूक खात्याकडे. पाणी आणि सांडपाणी एखाद्या स्पेशल डिस्ट्रिक्टकडे (ठरावीक सेवेपुरत्या वेगळ्या स्थानिक संस्थेकडे) असतं, नाहीतर तुमची स्वतःची विहीर आणि सेप्टिक टँक. डोंगराळ भागात वणव्याची जबाबदारी राज्याची, म्हणजे कॅल फायर या अग्निशमन खात्याची, असेल तर घराभोवती 100 फुटांपर्यंतचं वाळलेलं गवत आणि झुडपं काढायची जबाबदारी मात्र तुमची.

घरासमोरचा रस्ता कुणाचा, हे तर घर घेण्याआधीच विचारायला हवं. ग्रामीण कॅलिफोर्नियात पुष्कळ रस्ते खासगी असतात. त्यांच्यावर काउंटी डांबराची एक पाटीसुद्धा टाकत नाही आणि दुरुस्तीचा खर्च शेजाऱ्यांनी आपसात वाटून घ्यायचा असतो. काउंटीच्या पब्लिक वर्क्स खात्याकडे ते देखभाल करत असलेल्या रस्त्यांची यादी असते. त्यात तुमचा रस्ता नसेल तर मंडळासमोर खड्ड्यांचं गाऱ्हाणं मांडून काही होणार नाही. शेजाऱ्यांना चहाला बोलावून देखभालीचा करार करा.

हे मंडळ आहे तरी काय

कॅलिफोर्नियात 58 काउंट्या आहेत. सॅन फ्रान्सिस्को सोडली तर प्रत्येकीचा कारभार पाच निवडून आलेले सुपरवायझर चालवतात. राज्याच्या गव्हर्नमेंट कोडच्या कलम 31010 प्रमाणे सुपरवायझरांचं बोर्ड ठराव करून एखाद्या अनइन्कॉर्पोरेटेड भागासाठी म्युनिसिपल ॲडव्हायझरी कौन्सिल नेमू शकतं. नावं जागोजागी बदलतात. अलामेडा काउंटीत कॅस्ट्रो व्हॅलीला अशी कौन्सिल आहे, त्याच काउंटीत सुनोलला सिटिझन्स ॲडव्हायझरी कौन्सिल आहे, आणि सांता क्लारा काउंटीत मॉर्गन हिल आणि गिलरॉय यांच्यामधल्या सॅन मार्टिनला प्लॅनिंग ॲडव्हायझरी कमिटी आहे.

आपल्याकडच्या ग्रामपंचायतीशी याची तुलना करायचा मोह होतो, पण ग्रामपंचायत घरपट्टी घेते, कामं काढते, तिला ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) असतो. इथल्या मंडळाला कर लावता येत नाही, स्वतःचे कर्मचारी नसतात, परवाने देता येत नाहीत. सदस्य शेजारपाजारचेच असतात आणि बहुतेक ठिकाणी विनामोबदला काम करतात. जमिनीचा वापर, रस्ते, सुरक्षितता, उद्यानं अशा विषयांवर काउंटीला सल्ला देणं एवढंच त्यांचं काम.

आपल्या मंडळाची स्थापना करणारा बोर्डाचा ठराव मागवून वाचा. सदस्य किती, ते निवडणुकीने येतात की सुपरवायझर नेमतात, कोणते अर्ज त्यांच्याकडे यायलाच हवेत, हे सगळं त्यात असतं. ठराव सापडलाच नाही तर कदाचित तुमचं मंडळ काउंटीने नेमलेलं नसून गावकऱ्यांनी स्वतः सुरू केलेलं असेल. लॉस एंजेलिस काउंटीत अशा टाउन कौन्सिल बऱ्याच आहेत. त्यांचं म्हणणंही काउंटी ऐकते, पण उघड्या बैठकांचा जो कायदा मी पुढे सांगणार आहे तो त्यांना लागू होईलच असं नाही.

अजेंडा 72 तास आधी

काउंटीने नेमलेल्या मंडळांना ब्राउन ॲक्ट, म्हणजे उघड्या बैठकांचा राज्याचा कायदा, लागू होतो. 1953 सालचा हा कायदा नवख्या माणसाचा सगळ्यात मोठा आधार आहे. नियमित मीटिंगचा अजेंडा किमान 72 तास आधी लावावा लागतो, खास मीटिंगचा 24 तास आधी. अजेंड्यावर नसलेल्या विषयावर मंडळाला निर्णय घेता येत नाही. म्हणून 'आज आत्ताच ठराव करा' असा आग्रह धरू नका. विषय पुढच्या अजेंड्यावर घ्या, अशी विनंती करा, आणि ती मीटिंगच्या बऱ्याच आधी अध्यक्षांना ईमेलने पाठवा.

अजेंडा ईमेलने मिळावा म्हणून नाव नोंदवा. त्याचबरोबर तुमच्या सुपरवायझरच्या ऑफिसात तुमचा भाग सांभाळणारा जो सहाय्यक असतो त्याचं नाव आणि नंबर मिळवा. सुपरवायझर वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी भेटतील, हा माणूस जवळजवळ प्रत्येक मीटिंगला असतो. कुठली फाइल कुणाच्या टेबलावर अडकली आहे ते त्याला माहीत असतं. त्याच्याशी ओळख तक्रार नसतानाच करून ठेवावी.

तुमची तीन मिनिटं

मीटिंगला कोणीही जाऊ शकतं. नागरिकत्व, व्हिसा, ग्रीन कार्ड कोणी विचारत नाही. दारातल्या कागदावर नाव लिहिणंही सक्तीचं नाही. एच-वन-बीवर असलेली माणसं 'आपण कशाला बोलायचं' म्हणून मागे राहतात, त्यांना मुद्दाम सांगते: बोलण्याचा हक्क तुमचाही आहे, मालमत्ता कर तुम्हीही भरताच.

दोन ठिकाणी बोलता येतं. अजेंड्यावरच्या विषयावर तो विषय पुकारला जाईल तेव्हा, आणि बाकी कशावरही सुरुवातीच्या किंवा शेवटच्या पब्लिक कमेंटमध्ये. वेळ बहुधा दोन-तीन मिनिटं असते. पब्लिक कमेंटला उत्तर देत चर्चा करायची मुभा सदस्यांना नसते. ते गप्प राहिले म्हणजे दुर्लक्ष करतायत असं समजू नका.

आणखी एक तरतूद आपल्या लोकांना फारशी माहीत नसते. वक्ता दुभाष्यामार्फत बोलत असेल तर त्याला किमान दुप्पट वेळ द्यावा लागतो. हेडफोनमधून त्याच क्षणी भाषांतर ऐकू येण्याची सोय असेल तेवढा अपवाद. म्हणजे घरातल्या आजी-आजोबांना मराठीत बोलता येतं, नातवंडानं भाषांतर करायचं.

आमच्या भागात बागकामाची माती, खडी आणि लाकडाचा भुसा विकणाऱ्या यार्डाचा अर्ज आला होता. काम आधीच थोडंफार सुरू झालेलं होतं. मुलाकडे कायमचे राहायला आलेले शेजारचे काका रोज पहाटे त्याच रस्त्याने फिरायला जात. त्यांनी खिशातल्या वहीत प्रत्येक ट्रकची नोंद ठेवली होती: तारीख, वेळ, कुठून आला, ताडपत्री होती की नव्हती. मीटिंगमध्ये ते मराठीत बोलले, नात इंग्रजीत सांगत गेली. 'मला यार्ड नको असं नाही. पण शाळेची बस ज्या वळणावर थांबते, त्याच वेळी तिथून उघडे ट्रक जातात, एवढंच मला सांगायचंय.' त्यांचं संपलं तेव्हा काउंटीच्या प्लॅनरनं (असे अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्यानं) पुढे येऊन वहीच्या पानांची झेरॉक्स मागितली. त्या संध्याकाळी बाकी बरेच लोक तावातावाने बोलले होते, पण फाइलमध्ये पुरावा म्हणून गेली ती काकांची वही.

अर्ज कुठून कुठे जातो

एखाद्याला शेतजमिनीवर लग्नाचं सभागृह, ट्रकचं यार्ड किंवा वाइनरी काढायची असेल तर बहुतेकदा कंडिशनल यूज परमिट, म्हणजे अटी घालून दिलेली वापराची परवानगी, लागतं. अर्ज काउंटीच्या प्लॅनिंग खात्यात येतो, तिथून तो अभिप्रायासाठी मंडळाकडे पाठवला जातो, मग प्लॅनिंग कमिशनपुढे किंवा झोनिंगच्या अधिकाऱ्यापुढे सुनावणी होते, आणि कोणी अपील केलं तर प्रकरण सुपरवायझरांच्या बोर्डापर्यंत जातं. अपिलाची मुदत फार थोडी असते, अनेक काउंट्यांत जेमतेम 10 दिवस.

सुनावणीची नोटीस कायद्याने किमान 10 दिवस आधी आणि 300 फुटांच्या आतल्या मालकांना पाठवावी लागते. शहरात 300 फूट पुष्कळ झाले. इथे तेवढ्यात एखादं घरही येत नाही. काही काउंट्या ग्रामीण भागात हे अंतर वाढवतात, पण त्या भरवशावर राहू नका. मंडळाचा अजेंडा वाचत राहणं हीच आपली खरी नोटीस. प्रकल्प मोठा असेल तर राज्याच्या 1970 च्या पर्यावरण कायद्याखाली अहवाल तयार होतो. त्याच्या मसुद्यावर लोकांना मत द्यायला साधारण 45 दिवस मिळतात, आणि त्या मुदतीत आलेल्या पर्यावरणाबद्दलच्या लेखी मुद्द्यांना काउंटीला लेखी उत्तर द्यावंच लागतं. हे लक्षात ठेवा. मीटिंगमधलं भाषण हवेत विरून जाईल, मुदतीत दिलेलं पत्र फाइलमध्ये राहतं. शिवाय जो मुद्दा सुनावणीत किंवा त्याआधी लेखी मांडला नाही, तो पुढे कोर्टात सहसा मांडता येत नाही.

मंडळाचं सगळ्यात उपयोगी काम परवानगीला जोडल्या जाणाऱ्या अटींमध्ये होतं. 'आमचा विरोध आहे' एवढं एक वाक्य काउंटीला पाठवलं तर अधिकाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. त्या यार्डाच्या बाबतीत आमच्या मंडळाने असं लिहून पाठवलं: शाळेच्या बसच्या वेळेत ट्रकची ये-जा बंद, ट्रकनी महामार्गाच्या बाजूनेच आत यायचं, प्रत्येक ट्रकवर ताडपत्री, धूळ बसवायला पाणी, आणि फाटकावर तक्रारीचा फोन नंबर दिसेल असा फलक. कुठल्या रस्त्यावर, कुठल्या वेळी, कोण आणि कसं तपासणार हे प्रत्येक अटीत होतं. यातल्या बहुतेक अटी कमिशनने जशाच्या तशा घेतल्या. अट लिहिताना स्वतःला विचारा: सहा महिन्यांनी एखादा निरीक्षक आला तर अट पाळली की मोडली हे त्याला उभ्या उभ्या सांगता येईल का? 'आवाज कमी ठेवावा' हे सांगता येत नाही. 'रात्री 10 नंतर स्पीकर बंद' हे सांगता येतं.

काही लढाया इथे लढूच नयेत

मोबाइल टॉवर आला की रेडिएशनचा मुद्दा निघतो. 1996 च्या संघराज्याच्या टेलिकम्युनिकेशन्स ॲक्टप्रमाणे टॉवर संघराज्याच्या मर्यादेत असेल तर त्याच्या लहरींमुळे होणाऱ्या परिणामांच्या कारणावरून स्थानिक सरकारला परवानगी नाकारता येत नाही. तुम्हाला काय वाटतं हा भाग वेगळा, पण सगळी मिनिटं त्यावर घालवली तर उंची, जागा, झाडांचा आडोसा, जनरेटरचा आवाज हे जे मुद्दे चालतात ते राहूनच जातात.

शेजाऱ्याने मागच्या अंगणात छोटं दुसरं घर बांधायला घेतलं तर तेही तसंच. अशा घराला, म्हणजे एडीयूला, राज्याच्या कायद्याने सुनावणी लागत नाही. नियमांत बसत असेल तर काउंटीला परवानगी द्यावीच लागते, आणि मंडळाच्या मताला तिथे जागा नाही.

वेगमर्यादेची मागणी करताना जपून. रडारने दंड करता यावा म्हणून मर्यादेला वाहतुकीच्या सर्वेक्षणाचा आधार लागतो, आणि सर्वेक्षणात 100 पैकी 85 गाड्या ज्या वेगाच्या आत जातात तो वेग धरला जातो. लोक आधीच सुसाट जात असतील तर सर्वेक्षणानंतर मर्यादा वाढूही शकते. त्यापेक्षा वळणाची पाटी, रस्त्याच्या कडेचे पांढरे पट्टे, दिसायला आडवी येणारी झुडपं कापणं, हायवे पॅट्रोलची ठरावीक वेळची गस्त हे आधी मागा. ते लवकर मिळतं.

पाण्याबद्दल थोडं वेगळं

शेजारच्या प्रश्नात गाव किती पटकन ओढलं जातं याचं उदाहरण सॅन मार्टिनचंच आहे. मॉर्गन हिलमधल्या एका कारखान्यात रस्त्यावर आणीबाणीत इशारा म्हणून पेटवायचे फ्लेअर बनत. तिथून परक्लोरेट हे रसायन जमिनीत झिरपलं आणि दक्षिणेकडे पसरलं. 2003 च्या सुमारास शेकडो खासगी विहिरींत ते सापडलं. खासगी विहिरीचं पाणी सरकार आपणहून नियमित तपासत नाही, ते मालकाचं काम. तेव्हा तुमची विहीर प्रयोगशाळेतून तपासून घ्याच, आणि तपासणीचा कागद जपून ठेवा. जवळपास नवा मोठा पाणी-उपसा किंवा रासायनिक साठा येणार असेल, तर 'आधी पाणी असं होतं' हे दाखवणारा जुना अहवाल मंडळापुढे ठेवण्यासारखा दुसरा पुरावा नाही. पाच-सहा शेजाऱ्यांनी एकाच आठवड्यात नमुने दिले तर आणखी चांगलं.

पैशाची वेळ

काउंटीचं आर्थिक वर्ष 1 जुलैला सुरू होतं. जूनमधल्या बजेटच्या सुनावणीत जाऊन पूल मागितला तर उशीर झालेला असतो, कारण खात्यांच्या याद्या हिवाळ्यातच तयार होतात. मंडळाने जानेवारी-फेब्रुवारीत तीनच कामं, प्राधान्यक्रम लावून, एका पानावर पाठवावीत. वीस कामांची यादी पाठवली की त्यातलं सगळ्यात स्वस्त काम होतं आणि गरजेचं राहतं.

सदस्य व्हायचं असेल तर

जागा रिकामी झाली की अर्ज मागवले जातात. नेमणुकीच्या पदांसाठी कॅलिफोर्नियाने 2019 च्या कायद्याने नागरिकत्वाची अट काढून टाकली आहे: 18 वर्षं पूर्ण आणि राज्याचा रहिवासी असणं पुरेसं. तरी ठरावात 'नोंदणीकृत मतदार' असं लिहिलेलं असेल तर अर्ज भरण्याआधी काउंटीला लेखी विचारा. निवडणुकीने भरायच्या जागेसाठी मात्र मतदार असणं लागतंच. अर्जात पदव्यांपेक्षा तुम्ही किती मीटिंगांना हजर होतात ते लिहा, नेमणारे तेच पाहतात.

सदस्य झाल्यावर आपल्या लोकांना सगळ्यात जड जातो तो व्हॉट्सॲपचा संयम. मंडळाच्या बहुसंख्य सदस्यांनी मीटिंगबाहेर मंडळाच्या विषयावर चर्चा करणं हा ब्राउन ॲक्टचा भंग आहे, मग ती चहाच्या टेबलावर असो, ग्रुपवर असो, किंवा एकाने दुसऱ्याला आणि दुसऱ्याने तिसऱ्याला सांगितलेली असो. सोशल मीडियावर दुसऱ्या सदस्याच्या अशा पोस्टला नुसता अंगठा दाखवणंही टाळा. ग्रुप ठेवायचाच तर तो फक्त 'मीटिंग सात वाजता, हॉल बदललाय' एवढ्यासाठी. आणि स्वतःच्या किंवा अगदी शेजारच्या जमिनीचा विषय आला की आधी काउंटीच्या वकिलांना विचारा, आणि शंका असेल तर खुर्ची सोडून बाहेर बसा.

पत्र गेल्यानंतर

मंडळाने ठराव केला म्हणजे तो पोचला असं धरू नका. पत्र कोणत्या तारखेला, कोणत्या प्लॅनरला, कोणत्या अर्ज क्रमांकासह गेलं ते विचारा. सुनावणीच्या आधी निघणाऱ्या स्टाफ रिपोर्टला ते जोडलेलं आहे का, हे उघडून पाहा. नसेल तर त्याच दिवशी ईमेल करा आणि सुनावणीला पत्राची प्रत हातात घेऊन जा. काउंटीकडचे कागद हवे असतील तर पब्लिक रेकॉर्ड्स ॲक्टखाली मागा. कागद आहेत की नाहीत आणि देणार की नाही, हे त्यांना 10 दिवसांत कळवावं लागतं, आणि फार मोठी मागणी असेल तर थोडी मुदत वाढते.

परवानगी मिळाली की अटींचा अंतिम मसुदा उतरवून घ्या. आमच्याकडे त्या यार्डाच्या अटींची प्रत काकांच्या वहीला टाचलेली आहे. ट्रक बसच्या वेळेत दिसला की ते कोड एन्फोर्समेंटला (नियम पाळले जातात की नाही हे बघणाऱ्या काउंटीच्या खात्याला) कळवतात: परमिटचा नंबर, अटीचा क्रमांक, तारीख, वेळ.